चिनी मार्शल आर्टची जुनी पुस्तकं जमवताय? आधी शेवटचं पान उघडा

माझ्या हातात पहिलं जुनं चिनी पुस्तक आलं तेव्हा मी ते उलटं उघडलं. म्हणजे आपण उघडतो तसंच, डावीकडून, आणि समोर आली एक चौकट, चौकटीत उभ्या रेघा, रेघांमधे अक्षरं आणि खाली एक लाल शिक्का. मला वाटलं हेच टायटल पेज, लगेच फोटो काढला, आणि पुढचे सहा महिने पुस्तकाचं नाव म्हणून मी चार जणांना कौतुकाने जे दाखवत होतो त्याचा अर्थ निघाला 'हक्क राखीव, परत छापाल तर कारवाई होईल'. पूर्ण पोपट.

पण त्या पोपटामुळेच एक गोष्ट कायमची डोक्यात बसली. जुन्या चिनी पुस्तकात ओळी वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जातात, त्यामुळे आपल्याला जे पहिलं पान वाटतं ते त्यांचं शेवटचं असतं, आणि पुस्तकाची सगळी कुंडली त्याच पानावर असते. लेखक कोण, छापलं कुणी, कुठल्या साली, कितव्यांदा, किंमत काय, विकायला कुठे. चिनीत त्याला बानछुआन-ये म्हणतात, म्हणजे हक्कांचं पान. तुम्ही ताइ ची, वुशू, विंग चुन काहीही शिकत असाल, ग्रुपवर आलेल्या पीडीएफ साठवून कंटाळला असाल आणि खरी पुस्तकं जमवायची खाज सुटली असेल तर सुरुवात त्या पानापासून करा. चिनी येत नसलं तरी चालतं, मलाही वाचता असं येत नाही, ओळखता येतं एवढंच.

आधी ठरवा काय जमवायचं

'चिनी मार्शल आर्टची पुस्तकं' हा विषय म्हणजे समुद्र आहे, आणि सगळंच जमवायला गेलात तर घरचे तुम्हाला पुस्तकांसकट बाहेर काढतील. ढोबळ चार काळ लक्षात ठेवा.

सगळ्यात जुनी म्हणजे मिंग घराण्याच्या काळातली (१३६८ ते १६४४). सेनापती छी जीग्वांगने १५६० च्या सुमारास सैन्य शिक्षणावर 'जीश्याओ शिनशू' लिहिलं, त्यात रिकाम्या हाताने लढायचं एक प्रकरण आहे, ३२ पवित्रे, प्रत्येकाचं चित्र. १६२१ मधे माओ युआनयीचा 'वूबेइ झी' आला, तो लष्करी विद्येचा अवाढव्य कोशच. यांच्या मूळ लाकडी ठशांच्या प्रती मोठ्या लायब्रऱ्यांमधे आहेत, आपण स्कॅन बघायचे आणि गप्प बसायचं.

दुसरा प्रकार हस्तलिखितं. घराण्यातल्या तालमीची वही, तिला छुआनपू म्हणतात, गुरूकडून शिष्याने उतरवून घेतलेली. यात फसवणूक इतकी आहे की पहिली तीन-चार वर्षं नवख्याने हातच लावू नये.

तिसरा काळ १९१२ ते १९४९, म्हणजे राजेशाही जाऊन आलेल्या प्रजासत्ताकाचा, आणि खरी मजा इथे आहे. तोवर जे गुरू-शिष्यात राहायचं ते अचानक दुकानात विकायला आलं. कारण शांघायमधे छापखाने जोरात होते, फोटो छापणं जमायला लागलं होतं, आणि देश दुबळा झालाय तर शरीरं कमवा अशी हवा होती (आपल्याकडच्या तालीम-आखाड्यांच्या चळवळीची आठवण येते ना, बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले ते याच्याच थोडं मागेपुढे). १९१० मधे शांघायला मार्शल आर्ट शिकवणारी जिंगवू ही संस्था निघाली, १९२८ मधे नानजिंगला सरकारी मध्यवर्ती गुओशू संस्था (गुओशू म्हणजे राष्ट्रीय कला, मार्शल आर्टचं तेव्हाचं सरकारी नाव), दोघांनीही पुस्तकं काढली. सुन लुतांग या नावाजलेल्या गुरूचं शिंगयी या शाखेवरचं पुस्तक १९१५ चं. छन शिन नावाच्या माणसाने छन घराण्याच्या ताइ चीवर १९०८ ते १९१९ अशी अकरा-बारा वर्षं बसून ग्रंथ लिहिला, १९२९ मधे तो वारला, आणि पुस्तक छापून आलं १९३३ ला, काइफंगमधे. बिचाऱ्याने स्वतःचं छापील पुस्तक पाहिलंच नाही.

चौथा काळ १९४९ नंतरचा. चीनमधे सरकारी क्रीडा प्रकाशनाची पुस्तकं, हाँगकाँग-तैवानमधे जुन्याची पुनर्मुद्रणं, आणि मग ८० च्या दशकातली लाट. १९८२ ला जेट लीचा शाओलिनवाला पिक्चर आला आणि पोरं येडी झाली, १९८१ ला ग्वांगझोउहून 'वूलिन' मासिक सुरू झालेलं होतंच. त्यातच १९८३ ते ८६ या काळात सरकारने देशभर फिरून जुन्या पद्धतींची नोंद केली आणि १२९ प्रकार मोजले, त्या निमित्तानेही भरपूर छापलं गेलं.

माझं मत विचाराल तर ८० च्या दशकापासून सुरू करा. स्वस्त मिळतात, नकली बनवायच्या भानगडीत कुणी पडत नाही, आणि हक्कांचं पान आडव्या ओळीत स्वच्छ छापलेलं असतं, त्यामुळे हात बसतो. शिवाय एकच शाखा धरा. मी फक्त ताइ ची आणि शिंगयी घेतो, आणि तरी कपाट भरलंय.

वीस अक्षरं शिका, जास्त नाही

आकडे सगळ्यात आधी. एक आडवी रेघ म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, इथवर पोरंसुद्धा सांगतील. चार म्हणजे पडदे लावलेली खिडकी. अधिकचं चिन्ह म्हणजे दहा. अधिकच्या खाली आठ असेल तर अठरा, अधिकच्या वर दोन असेल तर वीस. एका संध्याकाळचं काम आहे.

मग मूठ, म्हणजे छुआन, ज्याच्या तळाशी हाताचं अक्षर बसलेलं असतं. मग वू आणि शू (दोन्ही मिळून वुशू, म्हणजे युद्धकला), तलवार, काठी, वर्ष, महिना. आणि बान आणि यिन ही दोन अक्षरं तर पाठच करा, त्यांच्याकडे पुढे येतोच.

इथे एक धोक्याची सूचना. मी हे देवनागरीत लिहितोय ते फक्त तोंडओळख म्हणून, तुमच्या यादीत मूळ चिनी अक्षरंच टाका, कॉपी-पेस्ट करा नाहीतर मोबाइलच्या कीबोर्डवर बोटाने काढा. कारण उच्चारावर गेलात तर मेलात. मूठ म्हणजे छुआन, हक्क म्हणजे पण छुआन, पूर्ण म्हणजे पण छुआन, तिन्ही अक्षरं वेगळी, सूरसुद्धा एकच. माझ्या पहिल्या यादीत हक्कांच्या पानाची नोंद 'मुठीचं पान' अशी झाली होती, आणि मला ते बरोबरच वाटत होतं. त्यात रोमन स्पेलिंगच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी, त्यामुळे एकच पुस्तक दोन कॅटलॉगमधे दोन नावांनी सापडतं. मूळ अक्षरं असली की हा सगळा ताप वाचतो.

साल कसं काढायचं

१९१२ ते १९४९ च्या पुस्तकावर साल मिनगुओमधे असतं, म्हणजे प्रजासत्ताकाचं वर्ष. त्यात १९११ मिळवा. मिनगुओ १८ म्हणजे १९२९. आपण जुन्या मराठी पुस्तकावर शके बघून ७८ मिळवतो तसंच.

प्रस्तावनेखाली मात्र कधीकधी आकडाच नसतो, दोन अक्षरं असतात. ते ६० वर्षांचं चक्र, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखं, दर साठ वर्षांनी तेच नाव परत. म्हणजे जी-वेइ वर्ष १९१९ पण असू शकतं आणि १८५९ पण, मग कागद, छपाई, मजकूर बघून ठरवायचं. आणि प्रस्तावनेचं साल म्हणजे छापल्याचं साल समजू नका, नवखे हमखास इथे पडतात. सुन लुतांगच्या ताइ चीच्या पुस्तकाची प्रस्तावना १९१९ ची आहे, पुस्तक छापलं १९२१ ला. दोन्ही सालं वेगवेगळ्या रकान्यात लिहा.

आता माझी आवडती गोष्ट. शांघायच्या कमर्शियल प्रेसच्या काही पुस्तकांवर सालाच्या शेजारी 'गुओनान-होउ पहिली आवृत्ती' असं असतं. गुओनान म्हणजे राष्ट्रावरचं संकट, होउ म्हणजे नंतर. १९३२ च्या जानेवारीत जपान्यांनी शांघायवर हल्ला केला त्यात या प्रेसचा छापखाना आणि त्यांची लायब्ररी जळून गेली, त्यानंतर परत उभं राहून छापलेल्या पुस्तकांवर त्यांनी आवृत्तीची मोजणी नव्याने सुरू केली आणि तसं छापलंसुद्धा. तर ही 'पहिली' म्हणजे खरी पहिली असेलच असं नाही, आधीच्या आवृत्त्या असू शकतात. पहिल्यांदा ते चार-पाच शब्द डिक्शनरीत एकेक करून लावले तेव्हा मी बराच वेळ ते पान तसंच धरून बसलो होतो. मुठी-लाथांचं पुस्तक, आणि कोपऱ्यात हे.

८० च्या दशकातल्या पुस्तकात बान आणि यिन बघा. बान म्हणजे आवृत्ती, यिन म्हणजे छपाई. '१९८२ पहिली बान, १९८४ तिसरी यिन' असं असेल तर मजकूर १९८२ चा आणि तुमच्या हातातली प्रत १९८४ ची. तिथेच किती प्रती छापल्या तो आकडाही असतो, एक ते एवढे हजार असा, तो जरूर उतरवा, कारण विकणारा 'दुर्मिळ आहे दुर्मिळ आहे' करत असतो आणि पानावर लाखाचा आकडा असतो. पुस्तक क्रमांकही कामाचा आहे. १९५६ पासून चीनचा स्वतःचा क्रमांक होता, त्यात ७०१५ ने सुरू झाला की सरकारी क्रीडा प्रकाशन समजा, आणि १९८७ पासून आयएसबीएन आला, त्यात चीनचा आकडा ७.

कुठून घ्यायची

ऑनलाइन म्हटलं तर खोंगफूझी, कन्फ्यूशियसच्या नावाची साइट, २००२ पासून चालू, जुन्या चिनी पुस्तकांचा महासागर. घ्यायचं नसलं तरी रोज बघा, फोटो बघून बघूनच नजर तयार होते. तिथे पुस्तकाची अवस्था दहापैकी मार्कात देतात, नऊ, साडेआठ, सात वगैरे, आणि माझ्या अनुभवात साडेआठ म्हणजे सात समजायचं.

भारतात बसून अडचण अशी की बहुतेक विक्रेते चीनबाहेर पाठवत नाहीत, वीचॅट (त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप म्हणा) आपल्याकडे २०२० च्या जूनपासून बंद, त्यामुळे विक्रेत्याशी बोलणंच अवघड. तिथला कुणी ओळखीचा किंवा पार्सल पुढे पाठवणारा एजंट लागतो. आणि हे नीट वाचा: चीनच्या नियमानुसार १९११ पर्यंतच्या जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि १९४९ पर्यंतच्या, ज्यांना काही ऐतिहासिक मोल आहे अशाही सहसा अडवल्या जातात, परवानगी लागते. म्हणजे मिंगचं सोडा, १९३० चं साधं पुस्तकसुद्धा चीनमधून बिनधास्त मागवू नका, पार्सल अडकेल आणि पैसेही. जुन्यासाठी आधीच चीनबाहेर असलेल्या प्रती शोधा, हाँगकाँग, तैवान, सिंगापूर. कुणी नातेवाईक सिंगापूरला असेल तर ब्रास बसाह कॉम्प्लेक्समधे चिनी पुस्तकांची दुकानं आहेत, तिथे एक चक्कर मारायला सांगा. तैपेईत गूलिंग स्ट्रीट जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध. बेइजिंगला प्रत्यक्ष गेलात तर ल्यूलिचांग आणि पानज्यायुआन, आधुनिक पुनर्मुद्रणं तिथून आरामात आणता येतात. बाहेरून पोस्टाने आलं तर २०१९ च्या बजेटपासून छापील पुस्तकावर ५ टक्के कस्टम लागू झालंय, तेही धरून चाला.

गंडायचं कसं नाही

मी गंडलोय, म्हणून सांगतो. एकाने मला मिनगुओ १८ चं म्हणून पुस्तक विकलं, हक्कांच्या पानावर स्पष्ट मिनगुओ १८ होतं, मी खुश. घरी येऊन बघतो तर मागच्या कव्हरवर खरवडलेला एक चौकोन, तिरप्या उजेडात धरलं तर आत ८० च्या दशकातला पुस्तक क्रमांक आणि दीड युआन किंमत. फोटो घेऊन हुबेहूब छापलेली प्रत होती, त्याला यिंगयिन म्हणतात, त्यात जुनं हक्कांचं पानही जसंच्या तसं येतं आणि नवीन माहिती कव्हरवर बारीक अक्षरात असते. पुस्तक खोटं नव्हतं बरं का, प्रकाशकाने सगळं प्रामाणिकपणे छापलं होतं, खरवडणारा नंतरचा कुणीतरी. आणि हात दाखवून अवलक्षण म्हणजे मी पैसे देण्याआधी कव्हरचा फोटोच मागितला नव्हता.

तर तीन फोटो मागायचेच: हक्कांचं पान, मागचं कव्हर, आणि मधल्या एखाद्या चित्राचा जवळून. फोटोवरून काढलेल्या प्रतीत बारीक रेघा भरून आलेल्या, काळ्या झालेल्या दिसतात. हातात आलं की भिंग लावा, शिशाच्या टायपाने छापलेलं अक्षर कागदात किंचित दबलेलं असतं, मागून बोट फिरवलं तर कळतं. हस्तलिखितात वाळवी-कसरीची भोकं बघा, किडा पानांतून आरपार जातो त्यामुळे भोकं पुढच्या पानावर जुळली पाहिजेत, प्रत्येक पानावर भलतीकडेच असतील तर किडा दोन पायांचा आहे. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा असतो, खरा म्हातारा कागद कडांना जास्त पिवळा. सोप्या केलेल्या लिपीवरूनही अंदाज येतो, ती अधिकृत झाली १९५६ ला, पण त्यातली काही अक्षरं लोक हाताने लिहिताना आधीपासून वापरायचे, तेव्हा एका अक्षरावरून निकाल लावू नका.

लेखकाच्या नावावरही डोळे मिटून विश्वास नको. शाओलिनच्या रहस्यांवरचं १९१५ चं एक गाजलेलं पुस्तक टोपणनावाने आलंय, आणि त्यातला इतिहास कसा रचलेला आहे हे तांग हाओ नावाच्या अभ्यासकाने पुढे पुराव्यानिशी उलगडून दाखवलं. बोधिधर्माने शाओलिनची आणि झांग सानफंग या साधूने ताइ चीची विद्या सुरू केली, या दंतकथांना त्याने १९३० मधेच सुरुंग लावला होता. बोधिधर्म आपला म्हणून आपल्याला जरा वाईट वाटतं, पण नोंद करताना 'परंपरेने यांच्या नावावर' एवढंच लिहायचं.

नोंद, म्हणजे खरं काम

पुस्तक घरात आलं त्याच दिवशी नोंद. 'रविवारी करू' म्हटलेली माझी चौदा पुस्तकं वर्षभर पडून होती आणि कुठलं कुणाकडून घेतलं ते आता देवालाही माहीत नाही.

साधी एक्सेल शीट पुरते. नाव लिहिताना कव्हरवरचं न घेता मजकूर जिथे सुरू होतो त्या पानावरचं घ्या, कव्हर बदलतात, दोऱ्याने शिवलेल्या जुन्या पुस्तकांची तर हमखास, आणि कव्हरवर वेगळं असेल तर तेही शेजारी लिहा. लेखकाला दोन रकाने ठेवा, पुस्तकावर छापलेलं नाव आणि इतर नावं, कारण या लोकांना एकाहून जास्त नावं असतात. सुन लुतांग म्हणजेच सुन फुछुआन, अभ्यासक श्यू झन म्हणजेच श्यू झदोंग. मी सुरुवातीला सुन लुतांगला दोन माणसं समजून दोन ओळी केल्या होत्या, भाऊ असतील असं वाटलं. मग प्रकाशक, गाव, प्रस्तावनेचं साल, पहिल्या छपाईचं साल, हातातल्या प्रतीचं साल, छपाईचा प्रकार, उंची-रुंदी सेंटिमीटरमधे, पानं, आकृत्या, कुणाकडून, कितीला.

आकृत्या खरंच मोजा, एकेक करून. छी जीग्वांगच्या त्या ३२ पवित्र्यांची काही आवृत्त्यांत २४च चित्रं उरलीत, आणि न मोजता त्यावर लिहिणारे लोक आहेत. तालमीच्या पुस्तकांचं तर असं की कुणीतरी आवडता पवित्रा भिंतीवर चिकटवायला पान फाडून नेलेलं असतं. जुन्या मालकाचा शिक्का, पेन्सिलच्या खुणा, बाजूला लिहिलेलं 'डावा पाय आधी' असलं काही, हे अजिबात पुसू नका, फोटो काढा आणि नोंदीत टाका. माझ्याकडच्या एका पुस्तकात कुणीतरी पाऊल कुठे जायचं ते दाखवणाऱ्या तुटक रेघा निळ्या शाईने दुरुस्त केल्यात, आणि करून बघितलं तर दुरुस्तीच बरोबर आहे.

फोटोसाठी पुस्तक सपाट दाबू नका, पाठ मोडते. दोन्ही बाजूंना उशी देऊन अर्धवट उघडा आणि वरून काढा, रंगीत, शेजारी पट्टी ठेवून. स्कॅनरच असेल तर ३०० डीपीआय, चित्रांना ६००. कॅमस्कॅनर हे मोबाइलवरचं स्कॅनचं अ‍ॅप वीचॅटबरोबरच बंद झालं, पण तसंही त्याचं ते पांढरंफेक करणं आपल्या कामाचं नाही, त्यात फिका शिक्का उडून जातो. फाइलला नंबर द्या, 'नवीन१फायनल' नको.

साठवणीचं थोडक्यात. १९२०-३० चा यंत्रावरचा कागद बिस्किटासारखा तुटतो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरायला आठवडाही पुरतो. भिंतीला चिकटून कपाट नको, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा, सेलोटेप तर घरातूनच लपवून ठेवा.

स्कॅन नेटवर टाकायचा असेल तर लेखक कधी वारला ते बघा. चीनमधे मृत्यूनंतर ५० वर्षं, आपल्याकडे ६०. सुन लुतांग १९३३ ला वारला, तिथे प्रश्न नाही, पण ८० च्या दशकातलं पुस्तक अख्खं टाकू नका, हक्कांचं पान आणि अनुक्रमणिका टाका, दुसऱ्या संग्राहकाला तेवढंच हवं असतं. आणि टाकण्याआधी इंटरनेट आर्काइव्हवर मूळ अक्षरांनी शोधा, चिनी विद्यापीठांनी स्कॅन केलेली त्या काळातली बरीच पुस्तकं तिथे आधीच आहेत.

शेवटचं राहिलं, पुस्तकावर तुमचा नंबर. मऊ पेन्सिलने, बारीक, हक्कांच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात. म्हणजे त्यांच्या शेवटच्या पानावर, आपल्या पहिल्या. मी एकदा घाईत नेमका उलट्या टोकाला लिहिलाय, सुन लुतांगच्या फोटोच्या बरोबर डोक्यावर १७, आणि तोही पेनने.